दोन, दोन, दोन, चार

कॉम्प्युटरने माझ्या आजोबांचं नाव खाल्लं, असं धारमध्ये अजून चार जण सांगतात. ऐकलं की माझं टाळकं सटकतं. कॉम्प्युटर काही खात नाही हो. त्याला सांगावं तेवढंच ते बापडं करतं. खाल्लं ते मी. सव्वीस वर्षांचा होतो, देवासच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरीला होतो, आणि माझ्याइतका शहाणा माळव्यात दुसरा नाही अशी माझी पक्की समजूत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या विभागात एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले पाच-सहा पडदे. काळ्यावर हिरवी अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही, सगळं हुकूम टाइप करून चालवायचं. माझं मुख्य काम म्हणजे वाढत्या फाइलींवर नजर ठेवणं. कारखान्याच्या गेटवर, स्टोअरमध्ये, डिस्पॅचमध्ये जे जे नोंदवलं जाई ते एकेका फाइलीच्या शेवटी ओळीओळीने जमा व्हायचं. टेल नावाचा एक हुकूम आहे. तो फाइलीचं शेपूट दाखवतो, आणि त्याला एफ जोडला की तो थांबतच नाही. नवी ओळ आली की लगेच पडद्यावर उमटते. मी दिवसभर ते शेपूट बघत बसायचो. ओळ यायची थांबली की उठायचं आणि कोणाची वायर निघाली, कोण चहाला गेलं ते शोधायचं. धारला घरी सांगितलं तर आई म्हणाली, “म्हणजे तुला राखणदारी दिलीये का रे?”

दुसरा हुकूम युनिक. एकच ओळ दोनदा आली असेल तर तो एक ठेवतो, दुसरी टाकतो. पण त्यात एक मेख आहे, आणि ती मला साहेबांची बोलणी खाऊन कळली. हा बाबा फक्त शेजारच्या ओळी बघतो. सारख्या दोन ओळी एकमेकींना चिकटून असतील तरच त्याला त्या सारख्या वाटतात. मध्ये तिसरी आली की याला काही आठवत नाही. स्टोअरच्या सामानाची यादी मी त्याच्यातून काढली आणि साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, “एकही नोंद दुबार नाही.” साहेब सांगलीकडचे, नोकरीसाठी देवासला आलेले. त्यांनी बसल्या बसल्या एकच बेअरिंग तीन ठिकाणी दाखवलं. “तुम्हा धारवाल्यांचं मराठी जसं अर्धं, तसंच काम का रे?” म्हणाले. माझा नुसता संताप झाला. पण त्या दिवसापासून आधी सॉर्ट, म्हणजे ओळी लावून घ्यायच्या, आणि मग युनिक, हे डोक्यात बसलं. तेवढंच बसलं, हीच खरी पंचाईत.

आता आजोबा. आजोबा धारच्या कोर्टात नकलनवीस होते. कोर्टाच्या कागदांच्या हातानं नकला करायच्या, ओळीला ओळ, अक्षराला अक्षर. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. वाण्याची यादीसुद्धा लिहून झाली की खाली ‘एकूण ओळी इतक्या’ असं लिहून रेघ मारायचे. म्हणायचे, “नक्कल झाली की आधी ओळी मोज. अक्षर चुकलं तर वाचणाऱ्याला कळतं. ओळ गळाली तर कोणाच्या बापाला कळत नाही.” स्वभाव मात्र असा भांडकुदळ की विचारू नका. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशीसुद्धा. गप्प बसणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता.

त्यांचा दिवस एका गोष्टीवर टांगलेला होता. सकाळी नऊ वाजता मराठी वाचनालय. तिथे मराठी पेपर एक दिवस शिळा यायचा, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग त्यावर दोन-तीन समवयस्कांशी भांडायचं, आणि साडेअकराला घरी. निवृत्तीपासून हा रोजचा नेम, सभासद मात्र पन्नास वर्षांचे. सभासद क्रमांक सत्तेचाळीस. मी अठरा वर्षांचा झालो त्या दिवशी मलाही हाताला धरून नेलं आणि सभासद केलं. मी तिथे पुन्हा दोनदा गेलो असेन. आमचं शिक्षण सगळं हिंदीत, मराठी पेपर वाचायला मला दुप्पट वेळ लागायचा. पण ते त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

वाचनालयात नवी कमिटी आली आणि कमिटीला जोर चढला. सगळ्या सभासदांची कॉम्प्युटरवर यादी करायची, नवीन कार्डं द्यायची, कार्ड दाखवल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही. आणि यादी कोण करणार? आजोबांनी भर बैठकीत सांगून टाकलं, “माझा नातू करेल. त्याचा तोच धंदा आहे.” मला विचारलंच नाही! आईचा फोन आला तेव्हा कळलं. मी चिडलो, पण उपयोग काय. साहेबांकडे गेलो, तर साहेब वाचनालय म्हटल्यावर विरघळले. म्हणाले, रविवारी मशीन रिकामं असतं, करून टाक.

वाचनालयाचं रजिस्टर बाहेर न्यायचं तर जबाबदार सभासद बरोबर हवा, असा नियम निघाला. जबाबदार सभासद म्हणजे अर्थात आजोबा. ऐंशी पार केलेला माणूस, धारहून पहिल्या बसने इंदूर, तिथे टेम्पोने एका बसस्टँडवरून दुसऱ्यावर, मग देवासची बस. आणि एवढा वेळ ते रजिस्टर धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर. मी स्टँडवर घ्यायला गेलो तर म्हणे, “हात नको लावू, सही झाल्याशिवाय देणार नाही.” माझी सही घेतली हो! सख्ख्या नातवाची!

टाइप करायला डिस्पॅचमधल्या दोघीजणींना मी पोहे-जिलबीवर पटवलं होतं. एकीने सगळं रजिस्टर टाइप करायचं, दुसरीनेही तेच सगळं पुन्हा टाइप करायचं, मग दोन्ही ताडून बघायचं. म्हणजे एकीची चूक दुसरीवरून सापडते. रजिस्टर एक, त्यामुळे पानं मोकळी करून आलटूनपालटून दिली. आजोबांचा जीव कासावीस होत होता. मेलेल्या सभासदांवर लाल रेघ होती, ती नावं सोडायची. देवनागरी त्या हिरव्या पडद्यावर उमटत नसे, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. सभासद क्रमांक, पूर्ण नाव, मोहल्ला, बस.

मी तिसऱ्या पडद्यावर टेल लावून दोन्ही फाइलींची शेपटं बघत बसलो. आजोबा शेजारी खुर्ची ओढून बसले. मी समजावलं, “तिकडे त्यांनी एंटर मारलं की इथे ओळ येते.” आजोबा चष्मा पुसून बघायला लागले आणि मग हललेच नाहीत. जेवायलाही उठेनात. एकेक नाव वर आलं की त्याची कुंडली सुरू. “हा मुंजसागर तळ्यापाशी राहतो. हा पुस्तक परत करत नाही. याचा बाप बरा होता.” माझं डोकं उठलं. तेवढ्यात सत्तेचाळीस नंबर आला. त्यांचं नाव, पूर्ण, हिरव्या अक्षरांत, खालून वर सरकलं. आजोबांनी पडद्याला बोट लावलं आणि म्हणाले, “आलो.” दुपारी दुसरीच्या फाइलीत पुन्हा आलं. तेव्हाही म्हणाले, “आलो.”

दुसरी टायपिस्ट मोठी आगाऊ होती. मी शेपूट बघतोय हे तिला कळलं होतं. चार वाजता माझ्या पडद्यावर नावांच्या मध्येच ओळ आली: ‘चाय मंगाओ भिया’. आजोबांनी ती मोठ्यानं वाचली आणि इतके हसले की ठसका लागला. मी मात्र चिडलो, कारण आता ती ओळ शोधून काढायचं काम माझ्याच गळ्यात. चहा मागवला.

संध्याकाळी बसमध्ये बसवताना आजोबा म्हणाले, “बाळ, झालं की शेवटी ओळी मोजून घे बरं.”

“हो.”

“हो नको म्हणू. मोज.”

“मोजतो हो, आजोबा! कॉम्प्युटर आहे तो, तुमचा बोरू नाही.”

घरात मला सगळे बाळच म्हणत. त्याला कारण होतं, ते पुढे येईलच.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कामाला बसलो. दोन्ही फाइली एकत्र केल्या. बघतो तर एकीने नंबर नुसते टाकलेले, दुसरीने पुढे शून्यं लावून. त्यामुळे एकही ओळ दुसरीशी जुळेना. नीट बसून नंबर सारखे करायला तास लागला असता. मला तास घालवायचा नव्हता. मी नंबरांचा अख्खा रकानाच उडवला. नाहीतरी कमिटी नवीन नंबर देणारच आहे, मग जुन्यांना काय करायचंय? राहिलं नाव आणि मोहल्ला. सॉर्ट केलं. जी ओळ एकटीच आहे ती दाखव, असं युनिकला सांगितलं. कारण एकटी म्हणजे दोघींपैकी कोणीतरी चुकली. तशा पन्नासेक निघाल्या, त्यात चहावालीही. त्या रजिस्टर बघून दुरुस्त केल्या. पुन्हा विचारलं, एकटी कोणी आहे? नाही. झालं! युनिक मारला, यादी तयार, छापली, रजिस्टर आणि यादी धारला पाठवून दिली. ओळी मोजल्या का? नाही मोजल्या. दोन सेकंदांचं काम होतं. आजोबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी “हो, मोजल्या” असं धडधडीत खोटं सांगितलं.

महिन्याभराने धारचे एक पाहुणे देवासला आले, त्यांच्या हाती कमिटीने माझं कार्ड पाठवलं होतं. यादीचं काम याने केलं म्हणून याचं कार्ड पहिलं, असा मान. कार्डावर माझं पूर्ण नाव आणि नवा नंबर. मी ते बघितलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विसरलो.

मग दोन महिन्यांनी आईचा फोन. कारखान्यात फोन करायची नाही ती कधी.

“बाळ, मामंजी वाचनालयात जात नाहीत.”

“म्हणजे?”

“जातच नाहीत. सकाळी आवरून बसतात ओट्यावर आणि तिथेच बसून राहतात. विचारलं तर म्हणे दिसत नाही. जेवण अर्ध्यावर आलंय रे. परवा दूधवाल्यानं पाणी घालून दिलं, एक शब्द बोलले नाहीत त्याला.”

हे शेवटचं ऐकून मात्र मी घाबरलो. पुढच्या रविवारी धार गाठलं. आजोबा खरंच ओट्यावर बसलेले, अंगात सदरा, डोक्याला टोपी, कुठेतरी निघाल्यासारखे. मला बघून “आलास?” एवढंच. मी आल्या आल्या तोफ डागली. वर्षापूर्वी मोतीबिंदू काढला, चष्मा नवीन करून दिला, आणि दिसत नाही म्हणजे काय? डॉक्टरला का नाही दाखवलं? ते म्हणाले, “वय झालं आता.” वय झालं! हे त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ओळखीचे म्हणून त्यांनी रविवारी दार उघडलं. आजोबांनी भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची बारीक ओळ धडाधडा वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाले, “इनकी आँखें तो मेरे से अच्छी हैं।” मी बाहेर येऊन अक्षरशः कपाळावर हात मारला. म्हणजे हा माणूस खोटं बोलतोय! त्यांना घरी सोडलं आणि तसाच तणतणत वाचनालयात गेलो. म्हटलं, कोणाशी तरी भांडण झालं असणार, मिटवून टाकू.

दारात नवीन लागलेला क्लार्क बसला होता. हिंदीतलाच, मराठी ऐकून घाबरणारा.

“भिया, कार्ड?”

मी म्हटलं कार्ड देवासला राहिलं, आणि माझं नाव सांगितलं. त्याने माझी स्वतःची यादी उघडली, बोट फिरवलं.

“हाँ, है आपका। आप ही के यहाँ से तो दादाजी आते थे? वो तो मैंने बोला उनको। कार्ड बँट रिये थे तब आये थे। मैंने बोला दादाजी, इस नाम का एक ही कार्ड है, वो तो देवास चला गिया।”

“मग ते काय म्हणाले?”

“कुछ नहीं। लिस्ट माँगी, देखी। बोले, ठीक है। और चले गये।”

मी तसाच मागे फिरलो. आता नीट सांगतो. आमच्या घरात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. आजोबा हयात असताना त्यांचं नाव ठेवत नाहीत असं पुण्याकडचे पाहुणे म्हणायचे, पण आमच्याकडे उलट, आजोबांच्या मांडीवर बसवूनच ते नाव नातवाला द्यायचे. पणजोबांचं नाव माझ्या वडिलांना, आजोबांचं मला. आता माझं नाव आणि पुढे वडिलांचं नाव, आणि आजोबांचं नाव आणि पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, हे दोन्ही लिहून बघा. काना-मात्रेचा फरक नाही. आडनाव एक, मोहल्ला एक. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून घरात मी बाळ. त्यामुळे हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात राहायचं कारण नव्हतं. माझ्या ध्यानात राहायला हवं होतं! आम्हा दोघांना वेगळं ठेवणारी एकच गोष्ट रजिस्टरात होती, ती म्हणजे नंबर. आणि तो रकाना मी एका तासाचा कंटाळा आला म्हणून उडवला होता.

घरी आलो. आजोबा तिथेच ओट्यावर. मी शेजारी बसलो आणि ओरडलोच, “तुम्ही बोलला का नाहीत? एरवी मीठ कमी झालं तरी घर डोक्यावर घेता! दोन महिने झाले, आजोबा! त्या क्लार्कची गचांडी का नाही धरली?”

ते म्हणाले, “त्याची काय चूक? यादी तू केलीस.”

“अहो, मग मला सांगायचं!”

“काय सांगायचं? मी तुझ्या शेजारी बसून बघितलं होतं ना. माझं नाव आलं होतं. दोनदा आलं होतं. म्हणजे टाइप करणाऱ्या पोरींनी गाळलं नाही. नंतर तू काढलंस.” आणि वर म्हणाले, “काही विचार करूनच काढलं असशील, म्हटलं. नाव तुला दिलंय. एकाच नावाला जागा असेल तर ती तुझी.”

मी म्हटलं, “मी नाही काढलं हो!”

“मग? तू तर ओळी मोजल्या होत्यास.”

शरमेनं मेल्यासारखं झालं. त्या ओट्यावर मी सव्वीस वर्षांचा घोडा रडलो, आणि आजोबा म्हणाले, “आता त्यात काय एवढं, वाचून झालंय माझं सगळं.” याने तर आणखीच रडू आलं.

रडून झाल्यावर मी वाचनालयाच्या सेक्रेटरींच्या घरून ते रजिस्टर सही करून उचललं आणि देवासला नेलं. सोमवारी सकाळी साहेब यायच्या आत जुनी एकत्र केलेली फाइल काढली. युनिकला सी जोडला की प्रत्येक ओळ किती वेळा आली तो आकडा तो पुढे लिहितो. हे मला आधीही माहीत होतं. फक्त मी तेव्हा ‘एक’ शोधत होतो. दोनपेक्षा जास्त काही असेल हे डोक्यातच आलं नाही. दोघींनी टाइप केलं, म्हणजे माणशी दोन ओळी. पडद्यावर आकडे उतरायला लागले. दोन, दोन, दोन, दोन. आणि आमच्या नावापुढे चार. तशा आणखी पाच ओळी निघाल्या. सहा घरांत आजोबा आणि नातू एकाच नावाचे, आणि सहाही घरांतून मी एकेक माणूस गाळला होता. रजिस्टराचं शेवटचं पान उलटलं तर तिथे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘हयात सभासद ६१२. मोजले.’ आजोबांचं अक्षर. बसमध्ये मांडीवर रजिस्टर घेऊन मोजले असणार. माझ्या यादीत सहाशे सहा होते.

बाकीच्या पाच घरांचं काय झालं ते सेक्रेटरींनीच सांगितलं. ते सगळे भांडून गेले होते. एक तर बदनावरचे सोयाबीनचे व्यापारी, ते खास जीप करून आले आणि क्लार्कच्या टेबलावर हात आपटून आपल्या आजोबांचं नाव पेनाने वर लिहवून गेले. अशी ती पाचही नावं यादीत पेनाने चढली होती. कोणाच्या मनात आलं नाही की आणखी कोणी राहिलं असेल. आणि भांडायचा जन्मभर सराव असलेला आमचा म्हातारा तेवढा घरी येऊन ओट्यावर बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त चोर घरचाच होता.

नवीन यादी मी चार संध्याकाळ बसून केली. यावेळी नंबरांसकट. कमिटी म्हणे जुने नंबर आता बंद, सगळी कार्डं छापून झाली. मी म्हटलं, मग पुन्हा छापा, मी फुकट करून देतो, पण सत्तेचाळीस सत्तेचाळीसच राहील. फार वाद झाला. त्या दिवशी मला कळलं की भांडकुदळपणाही माझ्याकडे नावाबरोबर आलाय. शेवटी जुने नंबर परत आले.

यादी आणि कार्ड घेऊन मी घरी गेलो. पडद्यावरच्या त्या आकड्यांचा कागदही छापून नेला, दोन दोन दोन चारवाला, म्हटलं त्यांची खात्री पटावी. आजोबांनी आधी कार्ड बघितलंच नाही. कागद घेतला, पेन्सिल मागितली, चष्मा पुसला आणि आमच्या नावापुढच्या चारभोवती गोल केला. मग नवी यादी घेतली आणि पहिल्या ओळीपासून मोजायला बसले. आई जेवायला बोलावून दमली. सहाशे बारा भरले. पेन्सिल ठेवली आणि माझ्यावर जे कडाडले!

“गाढवा! दोनाच्या जागी चार दिसले नाहीत तुला? मोज म्हणून सांगितलं होतं ना बसमध्ये चढताना? आणि वर खोटं बोललास! कसली नोकरी करतोस तू? कोर्टात असतास तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं!”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी खाली मान घालून ऐकत होतो, आणि खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते गेले. क्लार्कने कार्ड मागितलं नाही, तर त्याच्याशीही भांडले, की नियम आहे तर माग.

त्यानंतर त्यांना चार वर्षं मिळाली. दोन हजारच्या पुढची दोन-तीन वर्षं धरून. शेवटच्या आठवड्यापर्यंत पेपर वाचला.

ते गेल्यावर दोनेक वर्षांनी वाचनालयाने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, चित्रंबित्रंवाला, माउस असलेला. माझी फाइल त्यात चढवली. मी तेव्हाही देवासलाच, टेल बघत बसलेलो. फक्त खुर्ची मोठी झाली होती. एक दिवस दुपारी फोन आला. तोच क्लार्क, आता जुना झालेला.

“भिया, लिस्ट साफ कर रिया हूँ। नये कॉम्प्युटर में डुप्लीकेट बता रिया है। आपका नाम दो बार आ रिया है, सैंतालीस पे और नौ सौ तेरा पे। एक काट दूँ?”

मी त्याच्यावर इतका डाफरलो की आजूबाजूचे माना वर करून बघायला लागले. बिचारा गांगरला. म्हणाला, “अरे, तो गलती थोड़ी है मेरी, लिस्ट में तो दो ही हैं। सही क्या है, वो बताओ।”

मी म्हटलं, “दोनच बरोबर आहेत. हात लावू नकोस. आणि झालं की ओळी मोज.”